खिशातील बहुउपयोगी अवजार

कुंपणाची तार पिळणे, ठिबकची नळी कापणे, फवारणी पंपाचा स्क्रू आवळणे अशा किरकोळ कामांसाठी शेतकऱ्यास वारंवार घरी परतावे लागते. पक्कड, चाकू व स्क्रू ड्रायव्हर एकत्र असलेले घडीचे अवजार जवळ असल्यास हा खोळंबा टळतो. केवळ पात्यांची संख्या पाहून ते घेऊ नये. जड अवजार अखेर घरीच पडून राहते. उघडलेले पाते खटक्याने पक्के बसते की नाही, हे प्रथम पाहावे. खटका नसलेले पाते जोर पडताच बोटांवर मिटते.

अशा पकडीच्या मुठी बहुधा उघड्या धातूच्या असतात. विद्युत् पंपाच्या स्टार्टरमध्ये ती कदापि घालू नये. तेथे तारतंत्र्यासच बोलवावे.

छाटणी हे खरे कात्रीचे काम. परंतु घाईत हाताशी असलेला चाकूच वापरला जातो. डाळिंबावर तेल्या रोग असल्यास त्याच पात्याने रोगजंतू दुसऱ्या झाडावर जातात. म्हणून प्रत्येक झाडानंतर पाते १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावे. या द्रावणाने पोलाद गंजते. सायंकाळी पाते स्वच्छ धुऊन, कोरडे पुसून त्यास तेलाचा हात द्यावा.