घड्याळे अनेक, डाव एक

इ. स. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे देशोदेशीचे दळणवळण थांबले. रशियात भरावयाचे बुद्धिबळाचे ऑलिंपियाड पुढे ढकलावे लागले. तेव्हा जागतिक बुद्धिबळ संघटनेने इंटरनेटवर स्पर्धा भरविली. दीडशेहून अधिक देशांचे खेळाडू आपापल्या ठिकाणी संगणकासमोर बसून खेळले. भारतीय संघाचे नेतृत्व नाशिकचे विदित गुजराथी यांच्याकडे होते. नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख त्याच संघात होती. ३० ऑगस्ट रोजी भारत व रशिया संयुक्त विजेते ठरले.

पट मांडणे सोपे होते. पण वेळ कशी ठरवावी? पृथ्वी स्वतःभोवती चोवीस तासांत एक फेरी घेते. म्हणजे तासाला पंधरा अंश वळते. त्यामुळे एका देशात मध्यान्ह असते, तेव्हा दुसऱ्या देशात मध्यरात्र असते. ‘आठ वाजता खेळू’ असे म्हटले, की लगेच प्रश्न उभा राहतो : कोणाचे आठ?

यासाठी सर्वांना मान्य असे एक घड्याळ हवे. १८८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेत ग्रीनिचचे रेखावृत्त शून्य मानावे असे ठरले. आज त्याच रेखावृत्ताच्या आधारे चालणाऱ्या जागतिक वेळेला ‘यूटीसी’ म्हणतात. भारताचे घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे, तर मॉस्कोचे तीन तास. ही एक वेळ सांगितली, की प्रत्येकाने आपला फरक तेवढा हिशेबात घ्यावयाचा.

समजा, पुण्यातील एका मुलाला जुलै महिन्यात न्यूयॉर्क आणि सिडनी येथील आपल्या मावसभावांशी खेळावयाचे आहे. त्याने रविवारी रात्री आठची वेळ सुचविली. न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजतील. परंतु सिडनीत मध्यरात्र उलटून साडेबारा वाजलेले असतील आणि सोमवार उजाडावयाचा असेल! तेथील भावाने जागावे आणि झोपाळू डोळ्यांनी शाळेत जावे काय? तोच डाव पुण्यात रविवारी सकाळी सातला मांडला, तर सिडनीत रविवारचे साडेअकरा आणि न्यूयॉर्कला शनिवारच्या रात्रीचे साडेनऊ वाजतील. कोणाचीच झोप मोडणार नाही.

येथे एक सावधगिरी हवी. न्यूयॉर्कचे लोक मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे करतात व नोव्हेंबरमध्ये पुन्हा मागे घेतात. भारतात तसे करीत नाहीत. म्हणून ऋतू बदलला, की ठरलेली वेळ पुन्हा तपासावी लागते.

हा हिशेब केवळ बेरीज-वजाबाकीचा नाही. जी वेळ आपल्याला सोयीची, ती दुसऱ्याची झोपेची असू शकते. सर्वांना सोयीची वेळ सापडलीच नाही, तर जागरणाची पाळी प्रत्येकाने आळीपाळीने घ्यावी. खेळातील न्याय पहिल्या चालीपूर्वीच, वेळ ठरविताना सुरू होतो.

स्वाध्याय
१. ‘कोणाचे आठ?’ हा प्रश्न का निर्माण होतो?
२. यूटीसीप्रमाणे दुपारी अडीच वाजता पुण्यात व मॉस्कोत किती वाजतील?