कापडातील कापूस कोणता?

प्रश्न : कापड शुद्ध सुती आहे का आणि त्यातील कापूस देशी आहे का, हे प्रयोगशाळेत ठरवता येते का?

उत्तर : पहिली गोष्ट सहज ठरते. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा पक्व तंतू पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, तर पॉलिएस्टरचा तंतू सामान्यतः सरळ व गुळगुळीत असतो. शिवाय ७५ टक्के तीव्रतेच्या सल्फ्युरिक आम्लात कापूस विरघळून पॉलिएस्टर मागे उरत असल्याने मिश्रणाचे प्रमाणही वजनावरून काढता येते. दुसरी गोष्ट मात्र खरोखर कठीण आहे. देशी कापसाच्या पेशीत २६, तर अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२ गुणसूत्रे, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणारे घटक, असतात आणि त्यावरून शेतातील झाड निःसंशय ओळखता येते. परंतु धुलाई, विरंजन व रंगाई झालेल्या कापडात गुणसूत्रांतील डीएनए अत्यल्प आणि तुटलेल्या अवस्थेत उरतो. म्हणून देशीपणाची खात्री हवी असल्यास शक्यतो पानाचा किंवा सरकीचा नमुना तपासणीस द्यावा.