पाच स्पीकर, साठ क्विंटल

लासलगावात कुठल्याही खर्चाचा हिशोब शेवटी क्विंटलात होतो. बोअर, लग्न, मुलाची फी, सगळ्याचाच. म्हणून हाही तसाच मांडतो. कांद्याला क्विंटलमागे पंधराशे रुपये मिळाले असं धरू. दर चढला तर खालचं सगळं स्वस्त समजा, पडला तर पान उलटा. किमती ढोबळ आहेत. दिवाळीत आणि ऑनलाइन सेलमध्ये हजार-दोन हजारांनी हलतात.

प्रश्न असा. पन्नास वर्षांपूर्वीचा एखादा रॉक अल्बम दर काही वर्षांनी नव्या वेष्टनात विकायला येतो. कधी 'रिमास्टर्ड', कधी '५.१' (पाच स्पीकर आणि खालच्या सुरांसाठी एक सबवूफर), आता 'ॲटमॉस' (डॉल्बीची, डोक्यावरूनही आवाज आणणारी पद्धत). यातलं काय घ्यावं आणि ते ऐकायला घरात काय लागतं? उदाहरणाला क्वीनचा 'अ नाइट ॲट दि ऑपेरा' घेतो, १९७५चा. त्यात गाणारा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारोख बुलसारा, शाळा शिकला पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये. 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँडही त्याच शाळेतल्या पोरांचा. निदान आपल्या एसटीच्या टप्प्यातला माणूस. दुसरं उदाहरण पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चं, १९७३चं, कारण सराउंडच्या इतक्या तऱ्हा फार थोड्या अल्बमच्या नशिबी आल्या.

आधी दोन शब्दांतला फरक, कारण पैसे तिथेच वाया जातात. आपल्याकडे विकिरण केंद्र आहे, २००२ पासून. कांद्याला कोंब फुटू नये म्हणून त्याला किरण देतात. बाहेर येतो तो कांदा तोच असतो, फक्त टिकाऊ झालेला. रिमास्टर हे असंच. दोन चॅनलची तयार टेप घ्यायची, खरखर काढायची, बास आणि तार सारखी करायची, आवाजाची पातळी ठरवायची. गिटार जिथे होती तिथेच राहते. रिमिक्समध्ये त्याच्या मागच्या पायरीवर जातात. मूळ रेकॉर्डिंगच्या वेगवेगळ्या पट्ट्या, म्हणजे ड्रम, पियानो, प्रत्येक गळा वेगळा, पुन्हा उघडायच्या आणि कोण कुठे, किती मोठ्याने, हे नव्याने ठरवायचं. सराउंड करायचा तर ही पायरी टाळता येत नाही. दोन चॅनलच्या तयार टेपला यंत्राने ताणून पाच केलेला मालही बाजारात असतो. तो सराउंड म्हणून विकत घेऊ नका.

सराउंड म्हणजे काय हे आपल्या गावातल्या माणसाला वेगळं सांगावं लागू नये. बाजार समितीच्या आवारात लिलाव चालू असताना ट्रॉलीपाशी डोळे मिटून उभे राहा. बोली समोरून येते, एक व्यापारी डाव्या कानाशी भाव वाढवतो, मागे कोणाचा तरी ट्रॅक्टर सुरू होतो, हमालांची हाक उजवीकडून डावीकडे जाते. तेच मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, सगळा आवार एका डबीत कोंबल्यासारखा वाटतो. क्वीनच्या या अल्बमची तीच गत होती. 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'मधला तो गायकांचा जमाव म्हणजे मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर अशी तीनच माणसं, पुन्हा पुन्हा स्वतःवरच चढवून रेकॉर्ड केलेली. स्टीरिओत ते थर एकमेकांवर रचून बसतात. २००२ साली एलियट शायनरने केलेल्या ५.१ मिक्समध्ये तेच गळे खोलीभर पांगतात आणि कोण कोणाला उत्तर देतं ते कळू लागतं. 'द प्रॉफेट्स साँग'च्या मध्यावर एकच आवाज स्वतःच्या मागे धावतो. तो भाग तर पाच स्पीकरांसाठीच सुचला असावा इतका तिथे शोभतो.

पिंक फ्लॉइडची गोष्ट उलटी. तिथे चार बाजूंचा विचार सुरुवातीपासूनच होता. 'डार्क साइड'मधल्या 'टाइम' गाण्याच्या आरंभीची घड्याळं ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी घड्याळांच्या जुन्या दुकानात जाऊन रेकॉर्ड केली होती, तीच मुळी क्वाड्रोफोनिक, म्हणजे चार स्पीकरांच्या, प्रात्यक्षिकासाठी. पार्सन्स यांचं क्वाड मिक्स १९७३ सालीच निघालं. पण चार चॅनल एका तबकडीत कोंबण्याच्या पद्धती कंपन्यांगणिक वेगळ्या, एकीची दुसरीच्या यंत्रावर धड वाजेना. तो धंदा दशक संपेपर्यंत बसला. मग २००३ मध्ये जेम्स गथ्री यांचं ५.१ मिक्स एसएसीडीवर, म्हणजे सुपर ऑडिओ सीडीवर, आलं, २०११च्या 'इमर्शन' संचात गथ्री आणि पार्सन्स दोघांची मिक्स एकत्र मिळाली, आणि २०२३ मध्ये पन्नाशीनिमित्त गथ्री यांनीच ॲटमॉस केलं. माझं मत विचाराल तर पार्सन्स यांचं मिक्स धीट आहे, मागच्या स्पीकरांना खरं काम देतं, कधी कधी जरा जास्तच. गथ्री यांचं समंजस. रोज ऐकायला गथ्री, पाहुण्यांना थक्क करायला पार्सन्स.

आता पैसे.

सर्वांत स्वस्त वाट मोबाइलची. ॲपल म्युझिकचं एकट्याचं वर्गणीशुल्क महिना शंभर-सव्वाशेच्या घरात, म्हणजे वर्षाला साधारण एक क्विंटल. स्पॉटिफायवर ॲटमॉस नाही, तेव्हा केवळ यासाठी त्याचे पैसे भरू नका. अँड्रॉइड फोनवरही ॲपलचं ॲप चालतं, फक्त फोनला डॉल्बी ॲटमॉस येत असलं पाहिजे. नाहीतर तुम्ही साधं स्टीरिओच ऐकता आणि तसं कोणी सांगतही नाही. अल्बमच्या पानावर डॉल्बीची खूण आहे का हे पैसे भरण्याआधी पाहा, कारण ॲटमॉस मिक्स अस्तित्वात असणं आणि ते तुमच्या ॲपमध्ये असणं या दोन गोष्टी आहेत. खात्रीने ऐकायचं असेल तर बीटल्सचा 'ॲबी रोड' लावा, जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी २०१९ मध्ये केलेला. डेटाची काळजी नको. स्ट्रीमिंगवरचं ॲटमॉस सेकंदाला ७६८ किलोबिटने येतं, त्यामुळे त्रेचाळीस मिनिटांच्या अल्बमला अडीचशे एमबीच्या आसपास लागतात. दिवसाच्या दीड जीबीत बसतं.

हेडफोनवर ॲटमॉस ऐकताना पाच-सात स्पीकरांचा भास दोन कानांत तयार केलेला असतो. डावं-उजवं छान उमटतं, मागचा आवाज मात्र बऱ्याचदा डोक्याच्या वर कुठेतरी लटकतो. दोन हजारांचा वायरचा चांगला हेडफोन, म्हणजे सव्वा क्विंटलच्या आसपास, याला पुरे. पंधरा हजारांचा घेऊन मागचा आवाज मागे जात नाही.

त्यानंतर साउंडबार. मागचे दोन छोटे स्पीकर आणि सबवूफर असलेला ५.१ संच पंधरा ते पंचवीस हजारांत मिळतो, दहा ते सतरा क्विंटल. मागचे स्पीकर नसलेला, 'व्हर्च्युअल सराउंड' लिहिलेला बार या कामासाठी घेऊ नका. बातम्यांना तो उत्तम. खोक्यावर 'ॲटमॉस' लिहिलेलं असणं आणि छताकडे तोंड केलेले स्पीकर असणं यातही फरक आहे, आणि ते स्पीकर आवाज छतावरून परतवतात. सपाट स्लॅब असेल तर जमतं. उतरत्या पत्र्याखाली पैसे वाया, आणि पावसाळ्यात तर पत्रा स्वतःच सातवा स्पीकर.

खरी चैन म्हणजे एव्ही रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर, आणि सुटे स्पीकर. रिसीव्हर पस्तीस हजार, पाच स्पीकर आणि सबवूफर मिळून चाळीस, डिस्क प्लेअर बारा, तांब्याची वायर आणि किरकोळ तीन. नव्वद हजार. साठ क्विंटल, म्हणजे दोन ट्रॉल्या आणि वर थोडा. दोन समोर, एक मध्ये, दोन कानांच्या रेषेच्या किंचित मागे. मागचे अगदी पाठीमागच्या भिंतीला चिकटवून ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे, ती सोडा. दहा बाय बाराच्या खोलीत आवाज घुमत असेल तर महागड्या फोमआधी मागच्या भिंतीवर जाडसर गोधडी टांगून पाहा. खर्च शून्य, फरक दहा हजारांचा.

या बजेटमध्ये एक ओळ सगळे विसरतात, ती विजेची. दाब वरखाली होत असेल तर दोन-तीन हजारांचा स्टॅबिलायझर आधी घ्या, आणि इन्व्हर्टर साइनवेव्ह असू द्या. स्क्वेअरवेव्हवर ॲम्प्लिफायर गुणगुणतो, आणि ते गुणगुणणं पाचही बाजूंनी येतं.

डिस्क घेताना फसायच्या जागा वेगळ्या. 'डार्क साइड'ची २००३ची एसएसीडी हायब्रिड आहे: साध्या सीडी प्लेअरमध्ये ती बिनतक्रार वाजते, पण फक्त स्टीरिओ. सराउंडचा थर वाचायला एसएसीडी वाजवणारा प्लेअरच हवा. तो तीस हजारांच्या पुढे जातो आणि अशी यंत्रं करणारे कमी होत चाललेत. ओप्पोने तर २०१८ सालीच हे काम थांबवलं. क्वीनची २००२ची डीव्हीडी-ऑडिओ त्या मानाने दयाळू. तिच्यावर डीटीएस या पद्धतीतलं ५.१ही आहे, त्यामुळे माळ्यावर पडलेला साधा डीव्हीडी प्लेअर ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअल वायरने रिसीव्हरला जोडला तरी सराउंड निघतो, फक्त प्लेअर आणि रिसीव्हर दोघांनाही डीटीएस कळत असल्याची खात्री करा. ब्लू-रेवरचं ॲटमॉस मात्र ऑप्टिकलने जात नाही, तिथे एचडीएमआय लागते. टीव्हीमधून फिरवून न्यायचं असेल तर 'ई-आर्क' लिहिलेला सॉकेट. परदेशातून मागवलेली डिस्क अडीच-तीन हजारांची दिसते, मग टपाल आणि सीमाशुल्क मिळून चार हजारांच्या पुढे जाते. एका अल्बमला पावणेतीन क्विंटल. मोठे बॉक्स सेट मी हिशोबातच धरत नाही. त्यात ध्वनी एक डिस्कभर आणि बाकी पोस्टर, पुस्तिका असा मामला असतो. हवी असलेली डिस्क सुटी मिळते का ते आधी शोधा.

आणि स्टीरिओ रिमास्टर? क्वीनचा २०११चा बॉब लुडविग यांनी केलेला चांगला आहे, वर्गणीत तोच ऐकायला मिळतो. जुनी सीडी घरी असेल तर पुन्हा पैसे मोजण्याआधी एक करा. दोन्ही एकापाठोपाठ वाजवा, पण नव्याचा आवाज आधी थोडा कमी करा. बऱ्याच रिमास्टरांची पातळीच वर चढवलेली असते, आणि मोठा आवाज कानाला सुरुवातीला चांगलाच वाटतो. पातळी सारखी केल्यावरही नवा आवडला तर घ्या.

नाशिकला डेमो ऐकायला जाणार असाल, तर आपला अल्बम पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर घेऊन जा. मी गेलो त्या दुकानात पाऊण तास स्फोट, हेलिकॉप्टर आणि काचा फुटणंच ऐकवलं. गाणं लावा म्हटल्यावर पोरगा गोंधळला. 'डार्क साइड'मधल्या 'मनी'च्या सुरुवातीची नाणी आणि गल्ल्याचा खणखणाट खोलीभर फिरतो का, एवढं एक मिनिट ऐकलं तरी मागचे स्पीकर चालू आहेत की नुसते लटकवलेत हे कळतं. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, वॉरंटी दुकानाची की कंपनीची ते त्यावर लिहून घ्या. आणि रिसीव्हरचं खोकं थर्माकोलसकट माळ्यावर ठेवा. बिघडला तर तो दहा किलोचा डबा साठ किलोमीटर नाशिकला न्यायचाय, आणि एसटीत शेजारी बहुधा कोणाची तरी गोणी असेल.