अर्धा इंच म्हणजे किती?

घरातील सिंकखाली वाकून पाहा. तेथे दोन प्रकारचे पाइप दिसतील. एक बारीक पाइप स्वच्छ पाणी नळापर्यंत आणतो. दुसरा जाड पाइप सांडपाणी बाहेर नेतो. हे पाइप ज्या ठिकाणी एकमेकांना जोडलेले असतात, तेथेच बहुधा पाणी गळते. त्याचे कारण पुष्कळदा मापात असते.

माप सांगताना दुकानात अर्धा इंच, पाऊण इंच, सव्वा इंच, दीड इंच असे शब्द वापरतात. हे शब्द तुम्हांला परके नाहीत. उर्दूतही आधा, पौन, सवा, डेढ असेच म्हणतात. मात्र एक शब्द वेगळा आहे. पाइपाच्या टोकावर गोल फिरत गेलेल्या ज्या खाचा असतात, त्यांना आपण घरी 'चूडी' म्हणतो. मराठीत त्यांना 'आटे' म्हणतात. दुकानदाराला दोन्ही शब्द समजतात, म्हणून लाजू नका.

आता पट्टी घ्या आणि अर्ध्या इंची नळाचे आटे बाहेरून मोजा. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. पण पट्टी सुमारे 21 मिलिमीटर दाखवील! पाऊण इंची आटे साडेसव्वीस मिलिमीटरच्या आसपास भरतात, सव्वा इंची सुमारे 42 आणि दीड इंची सुमारे 48. म्हणजे पट्टी खोटी की दुकानदार खोटा?

दोघेही खरे आहेत. पूर्वीच्या लोखंडी पाइपांना त्यांच्या आतल्या पोकळीवरून नाव देत असत. आटे तर पाइपाच्या बाहेरच्या अंगावर पाडतात. त्यामुळे बाहेरचे माप नावापेक्षा मोठे येते. पुढे पाइपांची जाडी बदलली, पितळ आले, प्लॅस्टिक आले, पण जुने नाव तसेच राहिले. 'अर्धा इंच' हे आता माप कमी आणि नाव जास्त आहे.

या नावाने एका विद्यार्थ्याच्या घरी मोठा घोळ झाला. तो नववीत होता. घर दुसऱ्या मजल्यावर होते. सिंकचा वेस्ट पाइप फाटला, तेव्हा त्याने कंपासपेटीतील पट्टीने कपलिंगचे आटे मोजले. ते 42 मिलिमीटर भरले. दीड इंच म्हणजे 38 मिलिमीटर, सव्वा इंच म्हणजे 32. बेचाळीसला जवळचे कोणते? दीड इंच. त्याचे गणित बरोबर होते, पण पाइप चुकीचा आला. सिंक लहान व जुने होते आणि कपलिंग सव्वा इंची होते. दीड इंची नट त्यावर सैल झाला. मुलाने सायकलची ट्यूब कापून गुंडाळली, वर तार आवळली आणि एक तांब्या पाणी ओतून पाहिले. थेंबही गळला नाही. अम्मीने शाबासकी दिली.

रमजानचे दिवस होते. रात्री इफ्तारची भांडी घासताना सिंक काठोकाठ भरले आणि मग एकदम रिकामे झाले. एवढ्या पाण्याच्या भाराने ट्यूब सरकली. खालच्या मजल्यावर एक खाला शिवणकाम करीत. गिऱ्हाइकांचे ईदचे कपडे मशीनजवळ ठेवले होते. सकाळी त्यांवर घाणेरड्या पाण्याचे डाग पडलेले होते. कपडे धुतले, काही पुन्हा शिवले. पैसे मुलाच्या अब्बांनी दिले, पण ईदच्या दिवशी खाला वर आल्या नाहीत.

तो मुलगा आळशी नव्हता, की अडाणीही नव्हता. फाटलेला जुना पाइप त्याने दुकानात नेला असता तर पट्टीची गरजच पडली नसती. जुना तुकडा, जुना नट, नाहीतर निदान कपलिंग काढून बरोबर न्यावे आणि दुकानातच नवा नट त्यावर फिरवून पाहावा. नट हाताने दोन-तीन फेरे सहज फिरला पाहिजे. पहिल्याच आट्यावर अडला किंवा डगडग हलला, तर तो घेऊ नये. टेफ्लॉन टेप आट्यांमधील बारीक फट भरते. सहा मिलिमीटरचे अंतर ती भरीत नाही. मग ट्यूब, चिंधी, तार यांचे नावच नको.

नाव सारखे असूनही पाइप जुळत नाहीत, असेही घडते. अर्ध्या इंची लोखंडी पाइप बाहेरून सुमारे 21 मिलिमीटर असतो, तर अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइप सुमारे 16 मिलिमीटरच. त्यांच्यामध्ये पितळी आट्यांचा जोड घालावा लागतो. शेतीच्या पीव्हीसी पाइपाची तऱ्हा आणखी निराळी. त्याला बाहेरच्या मापावरूनच 20, 25, 32 मिलिमीटर असे म्हणतात. आट्यांमध्येही देशोदेशी फरक आहे. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये स्क्रूच्या आट्यांसाठी 55 अंशांचा कोन सुचविला. आपल्या नळांना त्याच घराण्यातील आटे असतात. अमेरिकेत हा कोन 60 अंशांचा आहे. अर्ध्या इंची आटे दोन्हीकडे इंचाला 14 असतात, म्हणून परदेशी नळ सुरुवातीला छान फिरतो आणि मग अडतो किंवा गळतो.

माप बदलणे भागच असेल तर रिड्यूसर मिळतो. पण सांडपाण्याचा मार्ग पुढे अरुंद होता कामा नये. सव्वा इंचातून दीड इंचात जाणे चालते, उलट चालत नाही. तेथे भाताची शिते आणि तेलकट गाळ अडकतो.

काम झाल्यावर तांब्याभर पाण्याने परीक्षा घेऊ नका. सिंकखाली कोरडे वर्तमानपत्र पसरा. भोक बंद करून सिंक काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. असे तीनदा करा. नंतर कागदावर हात फिरवून पाहा.

स्वाध्याय
1. अर्ध्या इंची नळाचे आटे 21 मिलिमीटर का भरतात?
2. तांब्याभर पाण्याने गळती का कळली नाही?
3. पाव, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द वापरून चार वाक्ये लिहा.
4. त्या मुलाने खालांना लिहिलेले पत्र तयार करा.