गरोदरपण आणि नैराश्याच्या गोळ्या

गेल्या महिन्यात एक सासूबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सुनेला दिवस गेलेले. “डॉक्टर, हिच्या डोक्याच्या गोळ्या मीच बंद केल्या. बाळाच्या हृदयाला भोक पडतं म्हणे!” सून खाली मान घालून बसलेली. पंधरा दिवस धड झोप नाही, अन्नावर वासना नाही.

सासूबाईंची भीती अगदीच निराधार नव्हती. बाळाचे हृदय गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडते. पॅरॉक्सेटिन या गोळीबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली इशारा दिला होता. एरवीही १०० बाळांत सुमारे एकाला हृदयदोष असतो. तेव्हाच्या पाहणीत तो दोघांत दिसला. पण २०१४ साली तिथेच सुमारे साडेनऊ लाख गर्भारपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईचा मूळ आजार हिशेबात धरल्यावर या गोळ्यांनी हृदयदोष फारसे वाढलेले आढळले नाहीत. तरी नव्याने औषध देताना पॅरॉक्सेटिन टाळतात. सर्ट्रालिन बरी मानतात.

गोळी एकाएकी सोडली की चक्कर येते, जीव घाबरतो, आजार उलटतो. मग आई जेवत नाही, तपासणीला येत नाही, क्वचित जिवाचे बरेवाईट करण्यापर्यंत मजल जाते. हे सासूबाईंना कुणी सांगितलेच नव्हते. (शेजारणी अर्धेच सांगतात!)

त्याच दिवशी दोघींना मानसोपचारतज्ज्ञांकडे धाडले. सर्ट्रालिन पुन्हा सुरू झाली. आता सून जेवते. विसाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत बाळाचे हृदय नीट पाहून घ्यायचे आहे; सासूबाई सोबत येणार आहेत.