कानाची ठेवण आणि आपलं नशीब

 

गटांत सध्या एक चित्र फिरतंय. मोठा कान म्हणजे दीर्घायुष्य, चिकटलेली पाळी म्हणजे हट्टी स्वभाव, वगैरे. एका ताईंनी विचारलंय, "नातवाच्या कानापुढे बारीक छिद्र आहे. सगळे भाग्याचं म्हणतात. खरं का?"

आपला गणपती शूर्पकर्ण, सुपासारख्या कानांचा. सूप फोल पाखडतं आणि दाणे ठेवतं, तसं ऐकावं, असा त्याचा अर्थ कीर्तनात सांगतात. मग हे चित्रही जरा पाखडू या.

वय वाढतं तशी कानाची पाळी ओघळते. आजोबा लांब कानांमुळे जगले नाहीत हो, जगले म्हणून कान लांबले!

पाळी चिकटलेली की सुटी, हे एकच जनुक ठरवतं असं शाळेत शिकवायचे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात त्याच्याशी संबंधित 49 जनुकीय जागा सापडल्या. म्हणजे आईबाप दोघांची पाळी चिकटलेली आणि लेकराची सुटी, असं होऊ शकतं. तेवढ्यावरून सुनेकडे संशयाने बघणं हे पाप आहे, स्पष्टच लिहितो.

आता ताईंचं छिद्र. पोटात असताना बाळाचा बाहेरचा कान सहा लहान उंचवटे जुळून तयार होतो. जुळताना थोडं राहिलं की असं छिद्र उरतं. बहुतेकदा त्याचा काही त्रास नसतो. पिळू नका, काडी किंवा तेल घालू नका. सूज किंवा पू आला तर डॉक्टरांना दाखवा. घरात कुणाला लहानपणापासून बहिरेपणा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर तेही त्यांना सांगा.

कान फारच लहान किंवा भोक बंद असेल, तर मात्र "देवाची खूण" म्हणून बसू नका. ऐकण्याची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हायला हवेत. उशीर झाला तर बोलणं मागे पडतं. कोठीचं सरकारी ईएनटी हॉस्पिटल आपल्याला जवळच आहे.

जन्मतः दुमडलेला कान पहिल्या काही आठवड्यांत साचा लावून सरळ करता येतो, कारण तेव्हा कूर्चा मऊ असते. बारशापर्यंत थांबू नका, आधीच विचारा.