पोरं मुकी नाहीत

कल्याण

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

“मामा, पोरं इंग्रजीत तोंडच उघडत नाहीत,” असं तू परवा फोनवर म्हणालीस. तासिका तत्त्वावरच्या नोकरीतही याची खंत वाटते, हे बरं लक्षण आहे.

पण भिवंडीची पोरं मुकी नाहीत गं. घरी तेलुगू, मागावर भोजपुरी, दोस्तांत हिंदी आणि कॉलेजच्या ऑफिसात मराठी बोलणारा एखादा पद्मशाली मुलगा तुझ्या वर्गात नक्की असेल. 2000 सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पोरांचं अडतं ते मागच्या बाकावरच्या हसण्यापाशी. म्हणून एकेकाला उभं करून ‘माय नेम इज’ वदवून घेणं आधी बंद कर.

जोड्या लाव. ज्याच्या घरी माग आहेत, त्याच्यासमोर काल्हेरच्या गोदामांपाशी राहणारी मुलगी बसव. धागा तुटला की काय करतात, कांडी कशी बदलतात, हे त्याने इंग्रजीत सांगायचं आणि तिने ऐकून चित्र काढायचं. शटल, बीम हे शब्द त्याला घरचेच. चित्र चुकलं की तो आपणहून ‘नो, नो, धिस साइड’ करत पुन्हा सांगेल. तिला खरंच माहीत नसतं, म्हणून त्याला खरंच बोलावं लागतं.

मग तीच हकीकत दुसऱ्या जोडीदाराला, पुढे तिसऱ्याला. पहिल्यांदा चार मिनिटं, मग तीन, मग दोन. न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी 1989 मध्ये या पद्धतीवर लिहिलं होतं. मजकूर तोच असल्याने काय बोलायचं ही चिंता उरत नाही आणि अडखळणं कमी होतं.

बोलताना मध्येच टोकू नकोस. चुका वहीत टिप आणि शेवटी त्यातल्या दोन-तीनच, नाव न घेता, फळ्यावर घे. ‘ही इज हॅविंग टू लूम्स’ला हात लावू नकोस; मुलाखत घेणारे साहेबही तसंच बोलतात. पण ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ वेगळे ऐकू आलेच पाहिजेत. माणकोलीच्या गोदामात फोनवर खोक्यांचा आकडा चुकला तर पोराची नोकरी जाईल.

ऐंशी पोरं एकदम बोलायला लागली की गलका होणारच. शेजारच्या वर्गातल्या सरांना आधीच सांगून ठेव.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा